सूतभर आणि चौदा इंचांचा पडदा

बाजाराच्या मागच्या गल्लीत, शिंपी आणि चष्मेवाला यांच्या मधल्या चिंचोळ्या गाळ्यात तसबिरींना चौकटी करून देणारे एक गृहस्थ बसतात. त्यांना सगळे सूतभर म्हणतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. लाकडाची पट्टी कापून झाली की ते ती डोळ्यांसमोर धरतात, एक डोळा मिटतात आणि म्हणतात, "सूतभर जास्त आहे." मग पुन्हा घासायला बसतात. गिऱ्हाईक म्हणतं, अहो, चालेल की! पण सूतभरांना चालत नाही. देवाची तसबीर असो, नाहीतर कुणाच्या लग्नाचा फोटो, चारही कोपरे जुळले की ते कोनाकोनी दोरी ताणतात, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. दोन्हीकडे दोरी सारखी भरली की चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे असं समजायचं. तोवर चौकट दुकानाबाहेर पडत नाही.

घरातही तेच. भिंतीवरचं कॅलेंडर वाकडं दिसलं तर जेवता जेवता उठून सरळ करतील. नवीन कपाट आणायचं ठरलं तेव्हा जिन्याची वळणं त्यांनी इतक्या वेळा मोजली की खालच्या शेजाऱ्यांना वाटलं, हे घर विकताहेत. बायको देवभोळी आणि हसरी. ती म्हणायची, "माझ्याकडे बघायला आले तेव्हासुद्धा पट्टी खिशातच होती. मी गुण्यात बसले की नाही, देव जाणे!"

तर या सूतभरांच्या एकुलत्या एका मुलीला विद्यापीठात इमारतींचे आराखडे काढायच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला. आईने देवापुढे हात जोडले, बापाने प्रवेशपत्राला चौकट केली. त्या पत्रासोबत सूचनांचा एक कागद होता. प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःचा लॅपटॉप आणायचा. पडदा चौदा इंचांपेक्षा लहान नको. वर्गात विजेच्या जागा थोड्या, म्हणून चार्जर न लावता निदान सकाळभर चालला पाहिजे. पहिल्या दिवशी तो नोंदणीच्या टेबलावर दाखवून नोंदवायचा. नोंद नसेल त्याला आराखड्यांच्या वर्गात बसता येणार नाही. सूतभरांनी तो कागद भिंतीला लावला आणि चौदा आकड्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली.

लॅपटॉप आणला मामाने, म्हणजे सूतभरांच्या मेहुण्याने. हा बेकरीवाला. स्वतःला मूलबाळ नाही, भाचीवर जीव. त्याने महिनाभर आधीच जाहीर केलं होतं, "लॅपटॉप मामाकडून. कुणी मध्ये बोलायचं नाही." मुलगी तेव्हा घरी नव्हती, मैत्रिणीकडे आराखड्यांचं सॉफ्टवेअर शिकायला गेली होती. मेहुण्याने खोकं टेबलावर ठेवलं. बहिणीने आधी खोक्याला नमस्कार केला, मग भावाच्या डोक्यावरून हात फिरवला.

सूतभरांनी हात धुतले, पुसले आणि पोलादी पट्टी काढली.

"भावोजी, हे काय चाललंय?" मेहुणा म्हणाला.

"काही नाही रे. बघतो आपलं."

पट्टी पडद्याच्या खालच्या कडेला लागली. एक डोळा मिटला. पुन्हा लागली.

"बारा इंच आणि वर दीड सूत," सूतभर म्हणाले. "चौदा कुठंय?"

"खोक्यावर लिहिलंय ना चौदा! हे बघा."

"खोक्यावर काय, चाळीससुद्धा लिहितील. अरे, दोन इंचांना गंडवलं तुला!"

"अहो, मोठं दुकान आहे ते."

"मोठ्या दुकानातच मोठे गंडतात. तुझी तरी काय चूक म्हणा. तुमच्या धंद्यात माप कोण बघतं? पाव फुगला की झालं. वजनात किती भरतो ते तू तरी कधी बघितलंयस?"

हे शेवटचं वाक्य त्यांनी थट्टेतच टाकलं होतं, पण ते पडलं मात्र भलत्याच जागी. मेहुण्याचा चेहरा उतरला. त्याने लॅपटॉप मिटला, खोक्यात घातला, खोकं काखेत मारलं.

"माझा पाव वजनात कमी असतो हे माझ्या बहिणीच्या घरात ऐकायला मिळालं, बरं झालं," तो म्हणाला. "हा परत करून येतो. चौदा इंचांचा तुम्हीच आणा, मोजून."

बहीण दारापर्यंत गेली, पण तो जिना उतरलासुद्धा. ती परत आली ती तोफ होऊनच.

"पोरीचा मामा माझ्या दारातून असा गेला! देवाने तुम्हाला नजर दिली, हात दिला, तोंडाला एक कडी दिली असती तर काय बिघडलं असतं त्याचं?"

"मी माप सांगितलं," सूतभर पुटपुटले.

"मापाचं नाही म्हणत मी. पावाचं म्हणतेय!"

दुसऱ्या दिवशी मुलगी आली. नोंदणी उद्यावर आलेली. टेबल रिकामं बघून तिने विचारलं, तेव्हा बापाने घडलेलं सांगितलं, थोडं अभिमानानेच. मुलगी डोक्याला हात लावून खालीच बसली.

"बाबा, अहो, पडदा आडवा नाही मोजत! या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात मोजतात. तिरका."

"कुणी सांगितलं?"

"जगाने! आपला टीव्ही किती इंचांचा?"

"बत्तीस."

"लावा पट्टी."

सूतभरांनी टीव्हीला आडवी पट्टी लावली. अठ्ठावीसही भरेना. या टीव्हीला त्यांनी स्वतः सागवानी चौकट करून घातली होती, लांबी-रुंदी घेऊन. बत्तीस कुठून आले, हा प्रश्न इतक्या वर्षांत त्यांना पडलाच नव्हता. मग मुलीने दोरी आणून कोनाकोनी ताणली. बरोबर बत्तीस. दोरीचं एक टोक सूतभरांच्याच हातात होतं. जन्मभर हाच तिरका धागा ताणून त्यांनी चौकटी पारखल्या होत्या, पण तो चौकट गुण्यात आहे की नाही हे बघायला. कुणी त्यालाच माप म्हणत असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"आणि मामाने तो परत केला असेल तर?" मुलीने विचारलं. "उद्या मी काय दाखवू तिथे?"

बायको म्हणाली, "मी फोन करणार नाही. ज्या तोंडाने बोललात ते तोंड घेऊन जा."

सूतभर बेकरीत पोचले तेव्हा दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. मेहुणा काउंटरमागे पाव बांधत होता. त्याने वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

"या. काय मोजायचंय?"

"लॅपटॉप... परत दिलास का रे?"

"परत करायलाच गेलो होतो." मेहुण्याने सावकाश दोरा गुंडाळला. "दुकानातल्या पोरीने माझ्यासमोर टेप लावला. कोनाकोनी. चौदा भरला. म्हणाली, काका, तुमच्या घरी कोण मोजतं?"

"म्हणजे तुला कालच कळलं! मग बोलला का नाहीस?"

"म्हटलं, लग्नापासून मला मापं शिकवताय. एक दिवस भावोजींना भट्टीपर्यंत चालत येऊ दे." मग तो हसू दाबत म्हणाला, "पण ते पावाचं राहिलंच, भावोजी."

"चुकलो."

"भट्टीच्या आवाजात ऐकू येत नाही हो."

सूतभरांनी गिऱ्हाइकांकडे पाहिलं, घसा खाकरला आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाले, "याच्या पावात वजन चोख असतं! मी बोललो ते खोटं होतं!"

एक म्हातारी म्हणाली, "आम्हाला ठाऊक आहे की! तुम्ही कोण?"

मेहुण्याने मैद्याच्या पोत्यांमागून खोकं काढलं. पिठाचा कणही लागू नये म्हणून ते स्वच्छ कापडात बांधलेलं होतं, आणि लॅपटॉप पूर्ण चार्ज केलेला.

दुसऱ्या दिवशी दोघेही मुलीबरोबर विद्यापीठात गेले. रांग जिन्यापर्यंत आली होती. मुलगी खोकं छातीशी धरून आत गेली. हे दोघे बाहेर बाकावर बसले. भट्टी पेटवायला पहाटेच उठलेला मेहुणा बसल्या बसल्या पेंगायला लागला आणि हळूहळू त्याचं डोकं सूतभरांच्या खांद्यावर आलं. खांदा अवघडला, हाताला मुंग्या आल्या, पण सूतभर हलले नाहीत.

बऱ्याच वेळाने मुलगी धावत बाहेर आली. नोंद झाली होती, आराखड्यांच्या वर्गात तिची जागा पक्की झाली होती. ती ओरडणार तोच बापाने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," ते कुजबुजले. "मामा झोपलाय."