टेंडरपुरतं मराठी

"आईला आधी पाय धुवायला सांग," साहेब म्हणाले. आई समोरच उभी होती.

कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जायची तेव्हा रीतच होती. धुळीने मशीन बिघडतं म्हणायचे. आईने चपला दाराशीच काढल्या होत्या. पण मिठागरात जन्म गेलेले तिचे पाय. टाचांना भेगा, भेगांत काळं बसलेलं. ते धुऊन जाणारं नव्हतं. तरी मी तिला संडासाच्या नळावर नेलं. परत आलो तर साहेबांनी बोलावलेले पाहुणे बूट घालूनच आत बसले होते. त्यांना कोणी बूट काढायला सांगितलं नाही.

सीबीडी बेलापूरमधली ती छोटी कंपनी. सरकारी ऑफिसच्या खिडकीवर चालेल असा प्रोग्राम आम्ही बनवत होतो. एक कळ दाबली की पडद्यावरचं इंग्रजी जाऊन मराठी यायचं. ते सगळं मराठी मी केलं होतं. मी न्हावा शेवाकडची आगरी मुलगी, बंदरात जमीन गेलेल्या घरातली, बी.कॉम. झालेली. इंग्रजीत नुसतं ‘रेकॉर्ड नॉट फाउंड’ होतं. मी लिहिलं, ‘तुमची नोंद सापडली नाही. जुनी पावती घेऊन परत या.’ आमच्या गावची माणसं खिडकीवरून काहीही न कळता कशी परततात, ते मी लहानपणापासून बघत आले होते.

आदल्या दिवशी साहेब म्हणाले होते, "उद्या आईला घेऊन ये. लेकीचं काम बघू दे तिला." मी हुरळले. आईने पेटीतलं ठेवणीतलं लुगडं काढलं.

माझं काम आईला दाखवायचं नव्हतंच. आईला पाहुण्यांना दाखवायचं होतं. त्यांच्याकडून कंपनीला टेंडर मिळवायचं होतं.

एका पाहुण्याने विचारलं, "बाई, वाचता येतं?"

"नाय सायेब," आई म्हणाली.

साहेब खूश. "बघा! अशा अडाणी बाईलासुद्धा चालवता येतं. बाई, ही कळ दाबा."

आईने दाबली. मराठी आलं. पाहुणे हसले.

"परत दाबा."

मराठी गेलं. टाळ्या. सगळे हसतायत म्हणून आईही हसली. मदारी माकडाला कोलांट्या मारायला लावतो, तसं चाललं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण नोकरी होती.

मग दुसऱ्या पाहुण्याने इंग्रजीत विचारलं, खिडकीवरच्या सगळ्या मशीनवर हे देणार का? साहेब हसत म्हणाले, "नो, नो. मराठी इज ओन्ली फॉर द टेंडर."

म्हणजे खिडकीवर इंग्रजीच बसणार. माझं सगळं काम या एका दुपारपुरतं. आईला ते कळलं नाही. मला कळलं, त्याची कुणाला फिकीर नव्हती.

"बाई, अजून एकदा."

आईचं बोट कळेवर गेलं. मी मशीनचं बटण बंद केलं. पडदा काळा.

"माझी आई आता दाबणार नाही," मी म्हणाले. "आणि हे मराठी मी केलंय. तुमच्या टेंडरसाठी केलेलं नाही."

साहेबांनी पाहुण्यांची माफी मागितली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "या लोकांना वर आणायला जावं, तर हे असं. उद्यापासून येऊ नकोस."

रस्त्यावर आल्यावर आई माझ्यावर कडाडली. "आनखी दोनदा दाबला असता तं माजा बोट काय झडला असता? जमीन गेली, मिठागर गेला. तुजी नोकरी तवरी उरली व्हती. ती पन घालवलीस!"

तिने माझी बाजू घेतली नाही. आजही घेत नाही. तिचंही खोटं नाही, पुढचे कित्येक दिवस आम्ही कोरडा भात खाऊन काढले.

पण मी त्याच रस्त्यावर ठरवलं. मराठी करून देईन, ते खिडकीवर बसणार असेल तरच. तसं आधी लिहून घेईन. नुसतं दाखवायला मागणाऱ्याला दारातूनच हाकलीन, घरात चूल पेटो न पेटो. आणि माझ्या माणसाला हसण्यासाठी समोर बसवलंत, तर मशीन पुन्हा बंद करीन. तुमच्या पाहुण्यांसमोरच करीन.