एसी हॉलचा रिझल्ट

"मॅडम, कोमलला स्पेशल बॅचमधून काढतोय," आमच्या क्लासचे संचालक म्हणाले. "लेक्चर संपलं की पळते. गेल्या वर्षी सिलेक्ट झालेली सगळी पोरं आपल्या एसी हॉलमध्ये अभ्यास करणारी होती. हॉल म्हणजे रिझल्ट!"

मी नगरला स्पर्धा परीक्षेच्या मुलांना रीझनिंग शिकवते. कोमल सोनईहून एसटीनं यायची. दोन्ही वेळची धार तिच्याकडे, म्हणून संध्याकाळी थांबता यायचं नाही. स्पेशल बॅचला फी नसते. तिथून काढलं की तिचा क्लासच बंद, आणि घरी स्थळं बघायला सुरुवात.

मला राग आला. नेमकी हीच चूक पकडायला मी शिकवते. दोन गोष्टी जोडीनं दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली, असं होत नाही. रसवंत्या सुरू होतात तेव्हा ऊनही वाढतं. रसवंत्यांमुळे ऊन वाढलं, असं कुणी म्हणेल का? असं विधान दिसलं की आधी उलटं करून बघायचं. तसंही जुळलं नाही तर मागे तिसरंच काही कारण आहे का ते शोधायचं.

"काढायचं तर तिला वर्गात सांगा, कारणासकट," मी म्हणाले.

सरांनी सांगितलं. कोमल उभी राहिली. घाबरली की तिच्या तोंडी गावाकडची बोली येते.

"सर, हॉलमधी जागा कुनाला मिळती?"

"टेस्टमध्ये वर येतील त्यांना. माझाच नियम आहे."

"मग ती पोरं आदीच हुशार हुती, म्हनून हॉल मिळाला. हॉलमुळं हुशार झाली, हे कशावरनं? मलाबी तुमी जागा दिली हुती. मी बसत न्हाई, एसटीत वाचते. तरी मार्क पडत्यातच की."

मी फळा पुसत उभी होते, पण आतून इतका अभिमान वाटला की टाळी वाजवायचीच राहिले.

"हे तुम्ही शिकवलंत?" सरांनी मला विचारलं.

"त्याचाच पगार घेते, सर."

ते ओशाळून हसले. "राहू दे तिला."

कोमल पहिल्याच प्रयत्नात सिलेक्ट झाली. पेढ्यांचा पहिला पुडा माझ्या हातात ठेवला, आणि मी चक्क रडले.

नव्या बॅचसमोर सर कडाडले, "कोमल पहाटे उठून धार काढायची! पहाटे उठतो तोच सिलेक्ट होतो. उद्यापासून सगळे पहाटे हजर!"

मी वाद घातला नाही. पुढच्या टेस्टमध्ये ते वाक्य जसंच्या तसं टाकलं आणि खाली लिहिलं, 'या विधानातली चूक ओळखा.' दुसऱ्याच्या विधानातली चूक लवकर दिसते, स्वतःच्या नाही, एवढं मी या धंद्यात शिकले आहे.

छपाईला जाण्याआधी सरांनी पेपर चाळला. "मॅडम," ते म्हणाले, "हा प्रश्न फारच सोपा झालाय."