अजगर जेवेपर्यंत

आषाढ संपत आला होता तेव्हा एका रविवारी माझा मुलगा पुण्याहून वेल्ह्याला आला आणि काचेची एक पेटी आणून त्यानं थेट स्वयंपाकघरात ठेवली. आत वेटोळं करून बसलेला हातभर लांबीचा अजगर. आफ्रिकेकडचा, विषारी नाही, सरकारी नोंद केलेला, कागदसुद्धा सोबत. आठच दिवसांपूर्वी विकत घेतला होता. खोलीच्या मालकिणीनं पाहिला आणि दोघांनाही बाहेर काढलं. नवी खोली मिळेपर्यंत, म्हणजे महिनाभर, तो माझ्याकडे राहणार होता. मला कुणी विचारलं नव्हतं.

मी इथल्या दवाखान्यात नर्स आहे. भातलावणीत आमच्याकडे साप चावलेली माणसं आणतात, कुणाला खाटेवरून, कुणाला मोटारसायकलवर मध्ये बसवून. घोणस चावलेला पाय कसा सुजतो ते ज्यानं पाहिलं नाही त्यानं साप पाळण्याच्या गप्पा माराव्यात. दिवसभर ते निस्तरायचं आणि घरी येऊन सापाला भरवायचं, हे माझ्या वाट्याला आलं. मुलाला मी तोंडाला येईल ते बोलले. तो हसला. त्याचं ते हसणं मला अजून आठवतं आणि अजून डोक्यात तिडीक जाते.

उंदीर त्यानं मेलेले, बर्फात गोठवलेले, आइस्क्रीमच्या डब्यात भरून आणले होते. ते माझ्या फ्रीजमध्ये, वाटाण्याच्या पिशवीशेजारी. एक उंदीर गरम पाण्यात ठेवून सैल करायचा, लांब चिमट्यात धरायचा आणि अजगराच्या तोंडापुढं हळूहळू हलवायचा. पहिला आठवडा त्याला त्रास द्यायचा नाही, पेटीखालची विजेची गरम गादी चालू ठेवायची. एवढं सांगून तो पाचच्या एसटीनं गेला.

वेल्ह्यात पावसाळ्यात लाइट किती वेळ असते हे त्याला माहीत नसावं! तो इथंच वाढलाय. गादी गार पडायची, मग मी गरम पाण्याच्या पिशव्या भरून पेटीला लावायची. आठवड्यानं मी पहिला उंदीर धरला. वीस मिनिटं धरला, हात भरून आला. अजगरानं डोकं वेटोळ्यात खुपसलं ते वर काढलंच नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी त्याला म्हणाले, "खायचं तर खा, नाहीतर मर." मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आई, तू सारखी सारखी बघतेस का?"

"मग न बघता जेवायला घालू कशी?"

"महिनाभर नाही खाल्लं तरी त्याला काही होत नाही."

मी फोन आपटला.

घरात मी आणि माझ्या सासूबाई, दोघीच. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. सासूबाईंना मी आत्या म्हणते. वय पंचाहत्तरच्या पुढं, साखरेचा आजार, दोन वेळची गोळी माझ्या हातानं. त्यांचं माहेर गुंजवण्याच्या अंगाला, ते धरणात गेलं. त्यांना एकच भाऊ. त्याला बदल्यात लांब कुठंतरी जमीन मिळाली, तिथं जायला दोन एसट्या बदलाव्या लागतात. अकरा वर्षांत तो इकडं फिरकला नव्हता. का, ते आत्या कधी बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही.

श्रावणात घरात उंदीर शिजवते म्हणून आत्या ओरडतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "वाघाला काय शेपूची भाजी घालनार? त्येचं त्येला दे." पण मी दवाखान्यात गेले की त्यांचं वेगळंच चालायचं. आळीतल्या बायका यायच्या. पेटीपुढं उदबत्ती, पेटीत लाह्या, दुधाची वाटी. एकदा ती वाटी आत सांडली आणि खालचा सगळा भुसा आंबला. तो मी नाक दाबून उपसला. नागपंचमीच्या सकाळी तर पाच बायका हळदकुंकवाची ताटं घेऊन उभ्या! एकीनं झाकण उघडून अजगराच्या डोक्यावर हळद टाकली. माझा तोल गेला. ताटांसकट पाचही जणींना मी दाराबाहेर काढलं. सणासुदीच्या दिवशी सवाष्णींना हाकलणारी बाई म्हणून माझं नाव संध्याकाळपर्यंत बाजारपेठेत पोहोचलं होतं. त्याचं मला आजही काही वाटत नाही.

त्यानंतर मला कळलं की आत्या जेवलेल्या नाहीत. आदल्या दिवशी भावाचा उपास असतो, आमच्याकडे बायका नागाला भाऊ मानून तो धरतात. तो पंचमीला सोडायचा. आत्यांनी सोडला नव्हता. पुरणाची दिंडं ताटात तशीच.

"आत्या, उपास संपला. जेवा."

"त्यो जेवला का?"

"कोण तो?"

त्यांनी पेटीकडे बोट दाखवलं. "दारी आलेला भाऊ उपाशी हाय. म्या कशी जेवू?"

मी ओरडले. तो नाग नाही, अजगर आहे, आफ्रिकेचा आहे, त्याला आपली पंचमी माहीत नाही, आणि भाऊ तर मुळीच नाही, कागदावर मादी लिहिलंय!

"मंग भैन म्हन," आत्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या.

दुसऱ्या दिवशीही त्यांनी बिनसाखरेच्या चहाशिवाय काही घेतलं नाही. गोळी द्यावी तर उपाशीपोटी साखर उतरायची भीती, न द्यावी तर चढायची. मी दवाखान्यातून तीनदा घरी पळत आले. दर वेळी बोट टोचून साखर तपासली, दर वेळी पेटीवरचं फडकं उचलून आत पाहिलं. अजगर महिना काढणार होता, म्हातारी काढणार नव्हती. हे मुलाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, आजीला समजाव. स्वतः येऊन समजाव, म्हटलं, आणि जाताना हे तुझं धूडही घेऊन जा. मला त्याचा राग, म्हातारीचा राग आणि त्या थंड, गप्प जनावराचा तर एवढा राग आला होता की पेटी उचलून ओढ्यावर नेऊन ठेवावी असं खरंच मनात आलं.

तिसऱ्या दुपारी मी पुन्हा पेटीवर वाकले होते. मागून आत्यांचा आवाज आला, बारीक झालेला.

"खुडूक कोंबडीला आंड्यावर बशिवल्यावर अशी घडीघडी वाकून बघतीस का? बसंल का ती? डालग्याखाली झाकत्यात, आंधारात. उबंला. आन् सोडून देत्यात."

मुलगा इतके दिवस वेगळं काही सांगत नव्हता. पण त्याचं ऐकायचं नाही असं मी ठरवून टाकलं होतं. परसात अंघोळीच्या पाण्याची चूल आहे, तिच्या शेजारची भिंत लाइट नसली तरी कोमट असते. पेटी तिथं नेली, वर गोणपाट टाकलं, त्यावर बांबूचं डालगं पालथं घातलं. बायकांना दार बंद. मीही तिकडे गेले नाही, आणि न जाणं मला जड गेलं. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला उंदीर चांगला गरम केला, गोणपाटाचं एक टोक उचलून चिमटा आत सरकवला आणि तोंड दुसरीकडे केलं. चिमट्याला एकदम हिसका बसला. बघितलं तर अजगरानं उंदराला तीन वेढे घातले होते.

मी ओरडतच आत गेले. "खाल्लं! आता तरी उठा!"

आत्या उठल्या, हात धुतले, गरम मऊ भात आणि वरण पुढं घेतलं. दोन घास खाल्ले. मग ताटाकडे बघतच म्हणाल्या, "उपाशी गेलेला पावना परत येत न्हाई. माझा भाऊ न्हाई आला."

मग आठवलं. अकरा वर्षांपूर्वी, ऐन दुपारी, मी रात्रपाळी करून आलेली, डोकं ठणकत होतं. आत्यांचे भाऊ, आमचे मामा, दारात उभे, हातात नव्या तांदळाची पिशवी. आत्या रानात होत्या. मी अर्धा कप चहा दिला आणि म्हटलं, "संध्याकाळशिवाय यायच्या नाहीत त्या, आता दोनची एसटी आहे." जेवण चुलीवर तयार होतं. मी त्यांना बसा म्हटलं नाही. ते दोनच्या एसटीनं गेले. आत्यांना मी फक्त तांदळाची पिशवी दाखवली होती.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्येनंच. येकदा फोनवर." त्यांनी वरण कालवलं. "तुला कशाला बोलू? तू आदीच कावलेली आस्तीस."

हातातला चिमटा मी अजून धरून होते. मोबाईल काढला, मामांचा नंबर आत्यांच्या जुन्या वहीतून शोधला.

"तू नगं बोलू," आत्या म्हणाल्या. "तुजा आवाज ऐकून त्यो यायचा न्हाई."

तरी मी लावला. फक्त "मामा, जेवायला या" एवढंच म्हणायचं ठरवलं होतं, आणि तेही ओरडल्यासारखंच बाहेर पडलं. पलीकडून खाकरल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता ठेवणार.

"यीन," म्हातारा म्हणाला. "पर वरडू नगंस, बाई."