दिराला लिहिलेला अर्ज

कालव्यासाठी सरकारने जमीन घेतली आणि वर्षभरात बाईंचे यजमान गेले. मोबदल्यासाठी पत्रं लिहायचं काम बाईंच्या गळ्यात पडलं. सात वर्षं त्या लिहीत होत्या आणि प्रत्येक वेळी एकच उत्तर येई, ‘प्रकरण विचाराधीन आहे.’

एके दिवशी कचेरीत आवक-जावक कारकुनाने पोचेचा शिक्का मारता मारता हळूच सांगितलं, ‘‘ताई, काल मीच तुमची फाइल उघडून बघितली. जमीन दोघा भावांच्या नावावर. तुमच्या दिरांचं संमतिपत्र लागतंय. महिनाअखेरपर्यंत आलं नाही, तर दावा बंद.’’

बाईंनी समोरच्या कॅलेंडरवर दिवस मोजले. लेकीच्या शिक्षणाची सगळी भिस्त त्या पैशावर होती. आणि दिराशी तर सात वर्षं अबोला! भांडण कशावरून झालं ते दोघंही विसरले असतील. आधी कोणी बोलायचं यावरच घोडं अडलं होतं.

रात्री लेक झोपल्यावर त्या लिहायला बसल्या. ‘प्रिय भाऊजी’च्या पुढे शब्द फुटेना. चार कागद फाडले. मग हात सवयीने चालू लागला आणि पत्र एका दमात झालं. सकाळी ते टपालपेटीत पडल्यावर लेकीने आईने सवयीने ठेवलेली नक्कल वाचली आणि कपाळाला हात लावला.

‘‘आई! काकांना ‘महोदय’? ‘विषय : संमतिपत्र मिळणेबाबत’? आणि खाली ‘आपली विश्वासू’?’’

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढचे पाच दिवस पोस्टमन दिसला की त्या आत पळत. सहाव्या दिवशी जाड पाकीट आलं.

‘महोदया, विषय : दिराचा नालायकपणा. आपल्या अर्जाची छाननी केली असता, गेल्या सात वर्षांत सदर इसमाने वहिनीची एकदाही विचारपूस केल्याची नोंद आढळत नाही. सही केलेले संमतिपत्र सोबत जोडले आहे. रविवारी समक्ष हजर राहून बोलणी खाण्याची परवानगी मिळावी. आपला आज्ञाधारक, भाऊजी.’

बाई हसता हसता रडायला लागल्या.

‘‘मग, द्यायची का परवानगी?’’ लेकीने विचारलं.

‘‘देऊ की. पण बोलणी पोटभर खायला लावीन.’’

मुदतीला तीन दिवस असताना त्यांनी संमतिपत्र कारकुनाच्या हातात ठेवलं. त्याने ते फाइलला लावलं, दोरी घट्ट बांधली आणि फाइल स्वतः साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. पैसे यायला अजून वेळ होता.

‘‘तुमचे उपकार कसे फेडू?’’ बाई म्हणाल्या.

‘‘फेडायचेच असतील तर ताई, आता थोडे दिवस पत्र लिहू नका. कपाटाचं दार लागत नाही.’’