पंचशीलाचा तीन कप्प्यांचा डबा

पंचशीलाला स्वस्थ बसणं कधी जमलंच नाही. दिसेल ती वस्तू उघडून बघायची. लहानपणी तिनं आईचा कुकरसुद्धा सोडला नव्हता. पुढं इंदूरच्या तुकोगंजातल्या एका छोट्या कंपनीत ती डिझायनर झाली आणि ओला, सुका, घातक अशा कचऱ्याचा तीन कप्प्यांचा डबा हे तिचं पहिलं स्वतःचं काम. पायानं दाबलं की तिन्ही झाकणं उघडणार! त्यासाठी ती किती स्वयंपाकघरांत जाऊन बसली, बायका कशा वाकतात ते बघितलं, विचारलं, "आवडला ना?" सगळ्या म्हणाल्या, "एकदम मस्त!" हा डबा बाजारात आला की तुला स्वतःची टीम, असा कंपनीच्या निशांत सरांचा शब्द होता.

आज दुपारी डब्याच्या साच्याची ऑर्डर जायची होती. एकदा साचा कापला की बदल नाही. पंचशीला राजेंद्र नगरच्या घरात सकाळपासून नुसती येरझाऱ्या घालत होती. तेवढ्यात कचरागाडीचं गाणं ऐकू आलं आणि आई, मंजुळाबाई, जुन्या दोन बादल्या उचलून फाटकाकडे धावली. पंचशीलानं घरी वापरायला दिलेला नमुन्याचा नवा डबा स्वयंपाकघरात, पुसून-पासून, कोराच!

"आई, हे काय गं?"

"अगं, गाडी थांबते तरी किती? मागं लाइन लागते ना!"

पंचशीलाचं डोकंच फिरलं. बादल्या हिसकावून तिनं सगळा कचरा डब्यात कोंबला आणि धावली. गाडीच्या ओल्या कचऱ्याच्या कप्प्यावर डबा उलटा केला, तर सालींबरोबर कागदही भसाभस खाली. झाकण धरायला गेली, तर डबाच हातातून निसटला. मागून शेजारच्या सरलाकाकू ओरडल्या, "जल्दी कर ना, बाई!" गाडी निघून गेली. तिला लाज वाटली आणि स्वतःचा भयंकर रागही आला.

"आई, मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस, आवडला का. आवडलाच होता की! तू एवढी खपलीस, तुझं मन कसं मोडू?"

तिनं निशांत सरांना फोन लावला. "सर, साचा रोकवा."

"पागल झालीस का? टेस्टिंगमध्ये सगळ्यांना पसंत पडला!"

"स्वयंपाकघरात पसंत पडला. तिथून फाटक, लाइन, गाडी, हे आपण बघितलंच नाही. मी नुसती डब्याशी वाकणारी बाई बघितली, सर."

"मग टीमचं विसर. समजतंय ना?"

"समजतंय. उद्या सकाळी घरी या, सर. पोहे खायला नाही, कचरा टाकायला."