वाचता येणारा नियम

मी आधी पत्रकं लिहायला शिकले, मग कोड. आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, देवास गेटला, आमची संघटना पत्रकं वाटायची. एका वाक्यात एकच गोष्ट, आणि पोह्याच्या ठेल्यावर उभ्या माणसाला ती एका वाचनात कळली पाहिजे, एवढंच व्याकरण. गठ्ठे आम्ही एका बांगडीवाल्या मावशीच्या ठेल्याखाली ठेवायचो. नवरा वारल्यापासून ठेला तीच चालवायची. परवाना मात्र अजून त्याच्याच नावावर होता.

टावर चौकातल्या सॉफ्टवेअर कंपनीत लागले तेव्हा कोडच्या फंक्शनल भाषेत हीच सवय कामी आली. तिथे एक फंक्शन, म्हणजे कोडचा एक छोटा तुकडा, एकच काम करतं. यादी त्यात शिरते, गाळून बाहेर पडते, पुढच्यात जाते. मध्ये कुणी गुपचूप काही बदलत नाही. नावं नीट दिली तर कोड वरून खाली सरळ वाचता येतो.

मग रस्ता रुंद व्हायचं ठरलं. हटवलेल्या ठेल्यांपैकी नवी जागा कुणाला, ते आमचा प्रोग्रॅम ठरवणार होता. नियम महापालिकेच्या कार्यालयातून तोंडी आले. त्यातला एक: परवानाधारक जिवंत नसेल तर घरच्यांचा अर्ज बाद. मी फंक्शनला नाव दिलं, 'मृतक के परिवार को हटाओ'. शिवाय बाद अर्जापुढे कारण म्हणून फंक्शनचं नावच छापून यावं, अशी सोय केली. वाटलं, वाचून त्यांना लाज वाटेल.

बैठकीत आमच्या मालकांनी कोड पडद्यावर लावला. कार्यालयाच्या साहेबांनी ते नाव मोठ्यानं वाचलं.

"ये किसने लिखा है?"

"नियम आपका ही है, सर," मी म्हणाले.

"नियम है, पर ऐसे थोड़ी लिखते हैं, मैडम."

म्हणजे लाज वाटली. नियम तसाच राहिला, नाव गेलं.

परतताना मालक म्हणाले, "अगं, तू कोड लिहितेस की मोर्चा काढतेस? 'जाँच क्रमांक दो' ठेव आणि मोकळी हो. मशीनला काय फरक पडतो?"

मशीनला खरंच पडला नाही. नाव मी बदललं. माझ्या हातानं बदललं, हे लिहून ठेवते, कारण पुढे किती तरी दिवस मी ते मालकांवर ढकलत फिरले.

यादी लागली. काही दिवसांनी मावशी कागद घेऊन आली. तिच्या अर्जापुढे छापलं होतं, 'जाँच क्रमांक दो'.

"सबसे पूछ लिया, बेटा. किसी को नहीं मालूम. तू बता, ये क्या है?"

मी नियम सांगितला. हरकत घ्यायची मुदत आदल्या दिवशी संपली होती, तेही सांगितलं.

तिनं कागदाची घडी घातली.

"तो यही लिख देते," ती म्हणाली. "मैं पहले दिन जाके लड़ लेती."