पडद्यावरून वर आलेले हात

आमच्या संस्थेची विचारसरणी कुठून आली, असं नवी पोरं विचारतात. खरं सांगतो : साखर कारखान्याच्या पोटनियमांतून.

निजामाचं राज्य गेल्यावर सीना नदीपलीकडून आमची वीसेक मुसलमान घरं इकडं आली. कुणी इंदापुरात टेकलं, कुणी निमगावात. आम्ही कळसला. शिवणकाम, पान, अत्तर, बांगड्या, असे सगळ्यांचे धंदे. काही वर्षांनी जमातीची संस्था काढायचं ठरलं आणि घटना लिहायचं काम माझ्याकडं आलं. कारण मी बी.ए. झालो होतो. सगळ्या खानदानात पहिला! तेव्हाही छाती काढून सांगायचो, आजही सांगतो.

घटना कशी लिहितात ते मात्र मला ठाऊक नव्हतं. पण पदवीधरानं तसं कबूल कसं करावं? बारामतीला जाऊन ओळखीच्या कारकुनाकडून कारखान्याचे पोटनियम आणले आणि 'कारखाना' दिसेल तिथं 'जमात' घालत एका बैठकीत उतरवून काढले.

अम्माचा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. बहीण सातवी पास होऊन घरी बसलेली. हायस्कूल इंदापुरात, राहायला जागा न्हाय. जमातीला तिथं एकच खोली मिळाली होती. ती शाळेतल्या पोरींना द्यावी, असं अम्माचं म्हणणं. इंदापुरातले बांगड्यावाले चाचा आमच्यात वडीलधारे. ते म्हणायचे, "पहिलं दीन, आपला धरम. तितं मुलांना कुराण शिकवू."

चाचांच्या अंगणात सभा भरली. पुढं पुरुष, पडद्यामागं बाया. मी ऐटीत वाचू लागलो, "जो सभासद आपला ऊस जमातीला घालणार नाही, त्याचं सभासदत्व रद्द होईल."

मग एक शिंपी म्हणाला, "साहेब, आमच्याकडं सुईदोरा हाय. चालंल का?"

अंगण हसून लोळलं. माझे कान तापले. घाईघाईनं पुढचं वाचलं, "सभासद पुरुष असो वा स्त्री, एकास एक मत."

"ह्ये बी कारखान्याचंच राहिलं व्हय? खोड," चाचा म्हणाले.

पडद्यामागनं अम्मा कडाडली, "ऊस खोडा! कारखान्यात बायांना मत हाय, आमी काय उसाहून हलक्या? आन् इल्म घ्या, शिका म्हणून दीनच सांगतो की!"

"राहू दे, राहू दे," शिंपी डोळे पुसत म्हणाला. हसण्याच्या भरात कलम मंजूर.

मग खोलीचं मत. पुरुषांत चाचांची बाजू चार हातांनी पुढं. आता बाया. पोरींच्या बाजूनं पडद्यावरून हात वर आले. बाया नऊ, हात चौदा!

"एकीनं एकच हात!" मी ओरडलो. बांगड्या खळाळल्या, हात खाली गेले, पुन्हा वर आले. आता नऊच.

चाचांची नजर मधल्या हातावर खिळली. "ह्या बांगड्या मीच भरल्यात," ते पुटपुटले. हात त्यांच्या बेगमचा होता. पडद्यामागं खुसखुस सुरू झाली. चाचांनी मान हलवली आणि स्वतःच पोट धरून हसू लागले.

"द्या खोली पोरींना. पण पहाटे फजरच्या नमाजानंतर तासभर मी कुराण शिकवणार."

"शिकवा की," अम्मा म्हणाली. "पोरी पळून चालल्यात व्हय?"

दुसऱ्या दिवशी इंदापूरची एसटी गाठायला बहिणीची पत्र्याची ट्रंक मी डोक्यावर घेतली. ती इतकी भराभर चालत होती, की बी.ए. झालेला मी मागं धापा टाकत होतो.